रंग सुधारायचे तर आधी राखायला हवेत

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात १९९९ च्या उन्हाळ्यात एका चित्रपटाचे चित्रण चालू होते. गोष्ट होती १९३७ सालची, मंदीच्या दिवसांतली. दिग्दर्शक ज्योएल आणि ईथन कोएन या भावांना पडद्यावर हवा होता धुळकट, उन्हाने करपलेला मुलूख. हाताने रंगवलेल्या जुन्या पोस्टकार्डासारखा पिवळसर. प्रत्यक्षात समोर काय होते? झाडे, गवत, शेते सारे हिरवेगार! श्रावणात कोकणात जाऊन वैशाखाचे चित्रण करायला सांगावे, तसाच हा प्रकार.

कॅमेरामन रॉजर डीकिन्स यांनी आधी फिल्म धुण्याच्या रासायनिक क्रियेत फेरफार करून पाहिले. पण रसायन सगळ्या चित्रावर सारखेच काम करते. हिरवा तेवढा पिवळा करावा आणि माणसांच्या चेहऱ्यांना हात लावू नये, हे त्या बिचाऱ्याला कसे कळणार? शेवटी सगळी फिल्म स्कॅन करून संगणकात घेण्यात आली. तेथे हिरव्या छटा निवडून त्यांना वाळक्या गवताचा रंग देण्यात आला आणि मग ते चित्र पुन्हा फिल्मवर उतरवले गेले. या कामात कित्येक आठवडे गेले. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या नावाने हा चित्रपट २००० साली झळकला. अख्ख्या चित्रपटाचे रंग संगणकावर सुधारून घेण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक होय. आज बहुतेक प्रत्येक चित्रपटावर हा संस्कार होतो. श्रेयनामावलीत 'डी. आय.' अशी अक्षरे दिसतात, ती याच कामाची.

आता अशी कल्पना करा, की हेच काम तुम्ही तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रणावर करायला घेतले आहे. रंगसुधारणेची चांगली सॉफ्टवेअरे आज फुकटही मिळतात. रंगमंचावर उजेड कमी होता, त्यामुळे नाटकातला राजा काळवंडलेला आणि पिवळा दिसतो आहे. तुम्ही उजेडाचा सरकदांडा पुढे ढकलता. राजाचा चेहरा उजळतो खरा, पण मागच्या निळ्या पडद्यावर पाण्याच्या डागांसारखे पट्टे उमटतात. गालांवर चौकोनी ठिगळे दिसू लागतात. मुकुटाच्या कडेने रंग ओघळल्यासारखा वाटतो. सरकदांडा मागे आणला की सारे ठीक, पण मग राजा पुन्हा काळा!

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. तुम्ही फाईलकडे जी माहिती मागता आहात, ती तेथे नाहीच. चित्रण होत असतानाच ती टाकून देण्यात आली. कोणती माहिती टाकली जाते, कशी, आणि ती वाचवायची असेल तर चित्रण कोणत्या फॉरमॅटमध्ये साठवावे, हे आपण पाहू.

डबा आणि आतला जिन्नस

व्हिडिओच्या फाईलच्या नावामागे 'एमपी४', 'एमओव्ही' अशी अक्षरे असतात. हाच फॉरमॅट, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे हे नुसते डब्याचे नाव. फळीवरचा बिस्किटांचा डबा उघडावा आणि आत शेवया निघाव्यात, हा अनुभव तुम्हाला घरी आलाच असेल. 'एमओव्ही' या डब्यातही अगदी आटवलेले चित्र असू शकते आणि भरभक्कमही. आत चित्र कोणत्या रीतीने भरले आहे, हे महत्त्वाचे. त्या रीतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ हे २००३ सालचे, एचईव्हीसी हे २०१३ सालचे आणि ॲपल कंपनीचे प्रोरेस हे २००७ सालचे कोडेक. रंग सुधारणाऱ्याने चौकशी करायची ती याची. डब्यावरच्या चिठ्ठीची नव्हे.

पण मुळात चित्र आटवायचेच कशाला? साधा हिशेब करू. एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक चित्रबिंदूसाठी तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट. म्हणजे एका चौकटीला सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर मिनिटाला १८०० चौकटी आणि त्यांचे होतात ११ गिगाबाइटांहून अधिक. फोनमध्ये ६४ गिगाबाइट जागा मोकळी असली तरी ती पावणेसहा मिनिटांत भरेल. नांदी संपेपर्यंत खेळ खलास!

प्रत्यक्षात फोन तेच एक मिनिट साधारण ६० ते १३० मेगाबाइटांत बसवतो. शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव भाग गेले आणि तरी चित्र छान दिसते! ही किमया साधी नाही. यातली काही बचत पुनरुक्ती टाळून होते. तिच्याबद्दल तक्रार नाही. उरलेल्या बचतीची कसोटी मात्र एकच असते: माणसाच्या डोळ्याला जे दिसणार नाही, ते टाका. नुसते पाहणाऱ्याचे याने काही बिघडत नाही. पण रंग सुधारणारा काय करतो? तो अंधारातले उजेडात आणतो, फिके गडद करतो, एका रंगाचा दुसरा करतो. म्हणजे डोळ्याला न दिसणारे म्हणून जे टाकले, नेमके तेच तो मागायला येतो.

दोनशे छप्पन्न पायऱ्या

संगणक उजेड मोजतो तो पायऱ्यांनी. ८ बिटांचे चित्र म्हणजे २ चा ८ वा घात, अर्थात २५६ पायऱ्या. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. १० बिटांत १०२४ पायऱ्या होतात आणि १२ बिटांत ४०९६. (व्हिडिओत दोन्ही टोकांच्या काही पायऱ्या बहुधा मोकळ्या ठेवतात, पण तो तपशील येथे सोडून देऊ.) पडद्यावर नुसते पाहण्यासाठी २५६ पायऱ्या सहसा पुरतात. ताणायला पुरतात का?

रंगमंचामागचा तो निळा पडदा घ्या. त्याचा उजेड २० पासून ६० पर्यंतच्या पायऱ्यांत आहे असे समजा. दोन्ही टोके धरून या ४१ पायऱ्या झाल्या. तो उजळण्यासाठी आपण हा भाग चौपट ताणतो. २० जागेवरच राहतो आणि ६० चा होतो १८०. आता २० ते १८० या १६१ पायऱ्या आहेत, पण आपल्याजवळ आकडे आहेत ४१ च! २०, २४, २८, ३२ अशा उड्या मारत ते बसतात आणि मधल्या १२० पायऱ्या रिकाम्या राहतात. उतरत्या छटेच्या जागी जिना दिसू लागतो. पडद्यावरचे पट्टे म्हणजे हाच जिना.

आता तेच दृश्य १० बिटांत टिपले असते तर? तोच उजेड ८० ते २४० या पायऱ्यांत पडला असता, म्हणजे आकडे १६१. ताणल्यानंतर पडद्यावरच्या १६१ पायऱ्यांपैकी प्रत्येकीला आपापला आकडा मिळाला असता. एकही पायरी रिकामी नाही. दोन बिटांचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण वहीवर हे दोन जिने शेजारी शेजारी काढून पाहा.

या पायऱ्या वाटायच्या कशा, हाही प्रश्न मोठा मजेचा आहे. दिवाळीत अंगणात एक पणती जळत असताना दुसरी लावली की उजेड वाढल्याचे चटकन कळते. शंभर पणत्या जळत असताना आणखी एक लावली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे आपला डोळा उजेडाचा फरक बेरजेने मोजत नाही, पटीने मोजतो. कॅमेऱ्यातला संवेदक मात्र अस्सल बेरीजवाला. त्याचे १२ बिटांचे आकडे जसेच्या तसे ठेवले, तर ४०९६ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे २०४८ पायऱ्या, सर्वांत उजळ अशा एकाच दुपटीवर खर्च होतात. त्याखालच्या दुपटीला १०२४, मग ५१२, मग २५६... असे उतरत आठव्या दुपटीला पोचावे तर हाती फक्त १६ पायऱ्या! अंधाऱ्या भागांच्या वाट्याला नेहमी उपासमार.

यावर उपाय म्हणजे लॉगॅरिदम. दहावीनंतर गणित घेणाऱ्यांना ते भेटेलच. लॉगॅरिदमच्या मापाने मोजले, की उजेडाच्या प्रत्येक दुपटीला साधारण सारख्या पायऱ्या मिळतात. फिल्म संगणकात आणण्यासाठी कोडॅक कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेऑन नावाची पद्धत तयार केली, ती १० बिटांची आणि याच तत्त्वावरची होती. आज कित्येक कॅमेऱ्यांत आणि काही फोनांतही 'लॉग' नावाची सोय असते. असे चित्रण प्रथम पाहिले तर धुके पडल्यासारखे, निस्तेज दिसते. ते बिघडलेले नसते. रंग सुधारणाऱ्यासाठी कच्चे ठेवलेले असते.

मात्र येथे एक फसगत पुष्कळांची होते. लॉगच्या निस्तेज चित्रावर 'व्यावसायिक' असा शिक्का बसल्यामुळे हौशी मंडळी ८ बिटांच्या कॅमेऱ्यावरही तेच निवडतात. उजेडाच्या १४ दुपटी २५६ पायऱ्यांत कोंबल्या, तर प्रत्येकीला जेमतेम १८ पायऱ्या येतात. १० बिटांत ७३ येतात. त्यामुळे ८ बिटांत लॉग वापरण्यापेक्षा साधे चित्रण बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रांगोळीचा न्याय

रांगोळीच्या पांढऱ्या रेघा बारीक आणि काटेकोर असतात. रंग मात्र चिमटीने भुरभुरवलेले असतात. कोठे रेघेवर चढतात, कोठे अलीकडेच थांबतात. तरी चार पावले मागे जाऊन पाहिले की रांगोळी रेखीवच दिसते. कारण आकाराच्या कडा आपला डोळा काळ्यापांढऱ्यातल्या फरकावरून ओळखतो. रंगाच्या बाबतीत त्याची नजर बरीच मंद आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा इंजिनियरांनी या मंदपणाचा उपयोग करून घेतला. नवा रंगीत कार्यक्रम जुन्या कृष्णधवल संचांवरही दिसायला हवा होता. म्हणून त्यांनी उजेडाचा संदेश वेगळा काढला आणि तो भरपूर तपशिलाने पाठवला. रंगाचा संदेश वेगळा ठेवून त्यात तपशील कमी दिला. उजेडाचा संदेश तयार करताना १०० पैकी साधारण ५९ भाग हिरव्याचे, ३० तांबड्याचे आणि ११ निळ्याचे धरतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो.

पुढे हे सारे आकड्यांत आणायची वेळ आली, तेव्हा १९८२ साली एक आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात उजेडाचे सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घ्यायचे आणि रंगाच्या दोन संदेशांचे प्रत्येकी ६७ लाख ५० हजार, म्हणजे बरोबर निम्मे, असे ठरले. ४:२:२ हा आकडा येथून आला. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपले दूरदर्शनही रंगीत झाले, अर्थात त्याचे प्रक्षेपण आकड्यांचे नव्हते, जुन्या ॲनालॉग पद्धतीचे होते.)

हिशेब असा. शेजारचे चार चित्रबिंदू घ्या. प्रत्येकाचा उजेड आणि दोन रंगसंदेश पूर्ण लिहिले तर १२ आकडे होतात. ही झाली ४:४:४ पद्धत. ४:२:२ मध्ये दोन दोन बिंदूंना मिळून एक रंग, म्हणून आकडे ८. आपल्या बहुतेक फोनांत असते ४:२:० पद्धत. तिच्यात चारही बिंदूंना मिळून एकच रंग, आकडे ६. निम्मी जागा वाचली. पण १९२० गुणिले १०८० च्या चित्रात रंगाचे चित्र उरले फक्त ९६० गुणिले ५४० चे!

पाहायला हे पुरेसे आहे. पण मिसिसिपीची झाडे आठवा. हिरवा रंग निवडून तो पिवळा करायचा, तर हिरवा कोठे संपतो आणि माणसाची टोपी कोठे सुरू होते, हे संगणकाला रंगावरूनच ओळखावे लागते.  हेच काम ४:२:० च्या चित्रणावर केले, तर निवडीची कड करवतीसारखी दातेरी येते, पानांचा पिवळेपणा टोपीवर सांडतो. हिरव्या पडद्यापुढे चित्रण करून मागे दुसरे दृश्य बसवणाऱ्यांनाही हाच जाच होतो. यातून सुटण्याची एक युक्ती आहे. ४:२:० चे चित्रण चौपट मोठे, म्हणजे ३८४० गुणिले २१६० चित्रबिंदूंचे करावे. त्यातले रंगाचे चित्र १९२० गुणिले १०८० चे असते. मग सगळे चित्र त्या मापाला लहान केले, की प्रत्येक बिंदूला आपला स्वतःचा रंग लाभतो.

फारच साधी कल्पना

गालांवरच्या चौकोनी ठिगळांची कथा वेगळी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. नासिर अहमद हे मूळचे बंगळुरूचे. तेथेच इंजिनियर होऊन ते अमेरिकेत गेले आणि कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. चित्राची माहिती आटवण्यासाठी त्रिकोणमितीतल्या कोसाइनचा उपयोग करावा, असा विचार त्यांनी १९७२ साली मांडला आणि संशोधनासाठी सरकारी मदत मागितली. ती मिळाली नाही. एका परीक्षकाला ती कल्पना फारच साधी वाटली! अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज छायाचित्रांच्या जेपेग फाईलपासून प्रोरेसपर्यंत सर्वत्र ही पद्धत आहे आणि एच.२६४, एचईव्हीसी यांतली गणिते तिचीच वंशज आहेत.

पद्धत अशी. चित्राचे ८ गुणिले ८, म्हणजे ६४ चित्रबिंदूंचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातले ६४ उजेड लिहिण्याऐवजी दुसरेच ६४ आकडे काढायचे. त्यांतला पहिला सबंध चौकोनाची सरासरी सांगतो, त्यानंतरचे संथ चढउतार सांगतात आणि शेवटचे अगदी बारीक नक्षी. एवढ्याने काहीच गमावलेले नसते. उलट गणित करून मूळ चित्र परत मिळते. गमावणे सुरू होते ते पुढच्या पायरीला. प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागतात आणि जवळच्या पूर्णांकात बसवतात. भाजक १० असेल, तर ३७ चे होतात ४ आणि परत गुणल्यावर ४०. फरक थोडा आहे. पण आकडा ४ असेल, तर भागाकार ०.४, त्याचा पूर्णांक ०, आणि परत गुणले तरी ०. तो तपशील कायमचा गेला. भाजक जितका मोठा, तितकी फाईल लहान आणि शून्ये अधिक.

अंधाऱ्या भागात बिंदूबिंदूंमधला फरक मुळातच इवलासा असतो. त्यामुळे तेथले आकडे धडाधड शून्य होतात आणि सबंध चौकोन एकाच सपाट छटेचा होऊन बसतो. शेजारच्या चौकोनाची छटा एखाद्या पायरीने वेगळी असते. अंधारात ती कोणाला दिसत नाही. आपण चित्र चौपट उजळले, की तो फरकही चौपट होतो आणि राजाच्या गालावर फरशी बसते.

वरीलप्रमाणे

दुधाच्या हिशेबाची वही तुम्ही पाहिली असेल. पहिल्या तारखेला 'दोन लिटर' असे लिहिलेले असते आणि खाली नुसत्या दोन टिंबांच्या खुणा, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. मध्येच पाहुणे आले त्या दिवशी 'अर्धा लिटर जास्त'. एच.२६४ आणि एचईव्हीसी यांचे काम असेच चालते. एक चौकट पूर्ण लिहितात आणि पुढच्या अनेक चौकटींत फक्त काय बदलले, काय सरकले एवढेच नोंदवतात. राजा सिंहासनावर बसून बोलतो आहे तोवर मागचा पडदा दर वेळी नव्याने लिहायचे कारण काय? बचत होते ती मुख्यतः येथे.

पण रंग सुधारताना तुम्ही मध्येच एखाद्या चौकटीवर उडी मारता. ती दाखवण्यासाठी संगणकाला मागच्या पूर्ण चौकटीपर्यंत जाऊन सगळे 'वरीलप्रमाणे' पुन्हा सोडवत यावे लागते. म्हणून बिचारा धापा टाकतो. शिवाय पूर्ण लिहिलेली चौकट आणि अंदाजाने लिहिलेल्या चौकटी यांच्या दर्जात किंचित फरक असतो. चित्राचा भडकपणा वाढवला, की ठरावीक अंतराने पडदा श्वास घेतल्यासारखा हलताना दिसतो. प्रोरेस किंवा एव्हिड कंपनीचे २००४ सालचे डीएनएक्सएचडी ही कोडेक प्रत्येक चौकट स्वतंत्र लिहितात. प्रोरेसच्या ४२२ प्रकारांत रंग ४:२:२ चा आणि बिट १० असतात. मोल अर्थात जागेचे. त्यातल्या वरच्या दर्जाला मिनिटाला साधारण १.७ गिगाबाइट लागतात. वर काढलेल्या ११ गिगाबाइटांचा हा जवळजवळ सातवा हिस्सा, पण फोनच्या नेहमीच्या फाईलपेक्षा दहापट ते तीसपट मोठा.

याच्याही पलीकडे 'रॉ' नावाचा प्रकार आहे. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची काच असते. निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर तांबडी, पाव बिंदूंवर निळी. कोडॅकमधले ब्राइस बायर यांना या मांडणीचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. हिरव्याला निम्मा वाटा का, हे वरच्या ५९ भागांवरून तुम्ही ताडले असेलच. रॉमध्ये या बिंदूंचे आकडे, पूर्ण रंगीत चित्र बनवण्याआधीचे, तसेच साठवतात. दिव्याचा पिवळेपणा किती काढायचा हे नंतर सावकाश ठरवता येते. मात्र रॉ म्हणजे जादू नव्हे. पावसात ठेवलेला हंडा भरून वाहू लागला, की त्यानंतर किती पाऊस पडला हे त्या हंड्यावरून सांगता येत नाही. संवेदकाचा बिंदू अतिउजेडाने काठोकाठ भरला, की ते पांढरे आभाळ कोणत्याही फॉरमॅटमधून निळे होऊन येत नाही.

मग निवडायचे काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. फोनची एच.२६४ फाईल प्रोरेसमध्ये बदलून घेतली की रंग सुधारायला सोपे जाते, असा सल्ला सर्रास दिला जातो. अर्धा लिटर दूध मोठ्या पातेल्यात ओतल्याने एक लिटर होत नाही. फाईल फुगते, पण गेलेल्या पायऱ्या आणि गेलेले रंग परत येत नाहीत. फायदा होतो तो दोनच गोष्टींचा. चौकटी स्वतंत्र झाल्यामुळे संगणकाची धाप थांबते. आणि काम अर्धवट साठवून पुन्हा उघडावे लागले, तर दर खेपेला नवा भागाकार होऊन होणारे नुकसान फारच थोडे राहते. तुमचा संगणक मूळ फाईल सुरळीत चालवत असेल, तर बदलण्याची गरज नाही. चांगली सॉफ्टवेअरे आपला आतला हिशेब ३२ बिटांत करतात.

आता स्नेहसंमेलन. दोन तासांचा कार्यक्रम वरच्या दर्जाच्या प्रोरेसमध्ये घ्यायचा तर १२० गुणिले १.७, म्हणजे २०४ गिगाबाइट लागतील. तेवढी जागा सहसा कोणाच्या फोनमध्ये मोकळी नसते. आणि प्रसंग पुन्हा घडणार नाही, तेव्हा निम्म्यात जागा संपणे परवडणारे नाही. अशा वेळी मी एचईव्हीसी १० बिटांत निवडीन; अलीकडच्या बऱ्याच फोनांत ती सोय आहे. रंग ४:२:० चाच राहतो, पण पायऱ्या चौपट मिळतात, आणि राजा उजळायला खरी गरज पायऱ्यांची आहे. फोनमध्ये ८ बिटच असतील, तर नंतरच्या सुधारणेवर भिस्त ठेवू नये. पडदा उघडण्याआधी रंगमंचाच्या दिव्यांत पांढरा कागद धरून तो पांढरा दिसेल असे फोनमधले रंगाचे माप ठरवावे आणि तेथेच पक्के करावे. उजेडाचे मापही तसेच पक्के करावे. चेहरे नीट दिसतील इतपत, पण मुकुट पांढराफटक पडणार नाही असे.

उलट, पाचसहा मिनिटांची गोष्ट तुम्ही दृश्यादृश्याने चित्रित करणार असाल, तिच्यात संध्याकाळची रात्र करायची असेल किंवा हिरवे माळरान वाळके दाखवायचे असेल, तर कंजूसपणा करू नका. प्रोरेससारखे १० बिटांचे, ४:२:२ चे, स्वतंत्र चौकटींचे चित्रण घ्या. कोणाकडे रॉ घेणारा कॅमेरा मिळाला तर उत्तमच. क्रिकेटचा सामना नुसता पाहायला आणि मित्रांना दाखवायला टिपायचा असेल, तर यातले काहीही नको. फोन देतो ते झकास आहे. सुधारून झालेले चित्र वाटतानाही एच.२६४ च वापरा. आता ते फक्त पाहायचे आहे.

आणखी एक. मित्राने केलेले चित्रण संदेशांच्या ॲपवरून व्हिडिओ म्हणून मागवू नका. वाटेत ते बहुधा पुन्हा आटवले जाते. केबल लावून किंवा कार्डावरून मूळ फाईलच उतरवून घ्या, आणि काम पुरे झाले तरी ती पुसू नका.

हे सारे घरी पडताळून पाहता येईल. रात्री एका साध्या, एकरंगी भिंतीच्या एका टोकाला लहानसा दिवा लावा. बाकीचे दिवे घालवा. भिंतीवर उजेडाकडून अंधाराकडे जाणारी मऊ उतरण दिसेल. फोन पुस्तकांच्या चवडीवर स्थिर ठेवून तिचे दहा दहा सेकंदांचे दोन तुकडे घ्या, एक ८ बिटांत आणि एक १० बिटांत. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये उघडून सारखेच उजळत जा. प्रत्येक टप्प्याला अंधाऱ्या बाजूचे पट्टे मोजून वहीत लिहा. मग भिंतीसमोर लाल खडूचे एक बारीक टोक धरून पुन्हा चित्रण करा, नुसता लाल रंग निवडून तो निळा करा, आणि खडूची कड भिंगातून पाहा.